वाढत्या मापाचा वेटसूट

आमच्या घरात मापाचा कपडा नसायचा. एक तर तो पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी मोठा घेतलेला असायचा, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या अंगावर वापरून झाल्यावर आमच्याकडे आलेला असायचा.

माझे आईवडील ठाण्याच्या खाडीकडच्या मिठागरात कामाला होते. मिठागर दुसऱ्याचं, राबणं यांचं. खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून वाहायच्या. पायाला भेगा पडायच्या त्या वेगळ्याच, पण मीठ सगळ्यात आधी कपडा खातं. वडिलांचा सदरा वाळला की पत्र्यासारखा उभा राहायचा आणि मग घडीवर फाटायचा. घरात नवीन कापड आलं तर ते आधी कामाच्या कपड्यांना जायचं. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा आई लोकांच्या शेतावर लावणीला जायची आणि नव्या कापडाचा विषयच निघायचा नाही.

शाळेचा गणवेश मात्र शिवावाच लागायचा. आई शिंप्यासमोर उभी राहून आमच्या बोलीत हुकूम सोडायची, "खाली चांगला दुमड. बाजूला माया सोर. पोर वाढतंय." माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढे उसवून मोठं करायला. शिंपी विचारायचा, "वहिनी, गणवेश पोरीचा शिवू की तिच्या सासूचा?" आई ढिम्म हलायची नाही. मानेशी कपड्याच्या आत दोन बोटं घालून बघायची, ती आरामात फिरली तरच कपडा पास. मी पाचवीत घातलेला स्कर्ट आठवीत घोट्यावरून गुडघ्यापर्यंत आला तेव्हा कुठे मापाचा झाला, आणि तोवर त्याचा निळा रंग राखाडी झालेला.

बाकीचे कपडे मिठागराच्या मुकादमाच्या घरून यायचे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. एका दिवाळीनंतर मी गुलाबी फ्रॉक घालून शाळेत गेलेले, मोठ्या तोऱ्यात. प्रार्थनेच्या रांगेत ती मागे वळून म्हणाली, "अय्या, हा तर माझा गेल्या वर्षीचा!" वाईट हेतूने बोलली असेल असं मला आजही वाटत नाही. पण अख्ख्या रांगेने वळून बघितलं. मी रडले नाही. घरी येऊन आईला सांगितलं, "मला शिकायचंय. खूप शिकायचंय." आई म्हणाली, "आधी भात खा."

भात खाल्ला आणि शिकले. कल्याणच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी लाजत सांगत नाही, कारण ते फुकट मिळालेलं नाही. आज डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. वर्तकनगरला आमचं घर आहे, आणि वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. मुलगी झाली तेव्हा मी सासरी-माहेरी एकच गोष्ट जाहीर केलेली, की माझ्या मुलीच्या अंगावर दुसऱ्याचा उतरलेला कपडा चढणार नाही. टिटवाळ्याची माझी नणंद तिच्या मुलीचे एकदम चांगले फ्रॉक पिशवी भरून घेऊन आली, ती पिशवी मी तशीच परत पाठवली. नणंद अजून फुगलेली आहे.

तर ही मुलगी आता अकरा वर्षांची. शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक. पालघरच्या बाजूला एका किनाऱ्यावर शाळेची सहल गेलेली, तिथे तिने मुलांना फळीवर उभं राहून लाटांवरून येताना बघितलं आणि घरी येऊन आमचं डोकं खाल्लं. शेवटी रविवारचा सर्फिंगचा क्लास लावला. आईला समजावून सांगताना माझी पंचाईत झाली.

"खाऱ्या पान्यात?" आई म्हणाली.

"हो."

"पैसे देऊन?"

"हो, आई."

"आमी खाऱ्या पान्यात उतरायचे पैसे घेत होतो गो. तुमी देता?"

पण नात पहिल्या रविवारी नाकातोंडात पाणी जाऊन, केसांत वाळू भरून, कानापर्यंत हसत घरी आली. आईने पैशांचा विषय सोडून आंघोळीला दोन बादल्या जास्त काढल्या.

थंडी पडली तशी खरी अडचण समोर आली. सकाळचा वारा बोचरा आणि पाणीही गार. बाकीची मुलं मजेत असायची आणि आमची थोड्याच वेळात काकडायला लागायची. ओठ जांभळे पडायचे. सर शिट्टी वाजवून तिला बाहेर काढायचे. गाडीत दोन टॉवेलांत गुंडाळून बसलेली असायची आणि म्हणायची, "म-म्मी, म-मला थं-थंडी नाही वा-वाजत."

आता सर्फिंगमध्ये दोन भाग असतात. नवशिकी मुलं किनाऱ्याजवळ, फुटलेल्या लाटेच्या फेसात. तिथे सर मागून फळीला धक्का देतात. आणि जरा तयार झालेली मुलं फेसाच्या पलीकडे, जिथे लाट अजून फुटलेली नसते. तिथे स्वतः हाताने पाणी मारत लाट पकडायची. त्याला ही मुलं 'बाहेर जाणं' म्हणतात. माझ्या मुलीच्या डोक्यात दिवसरात्र हेच, बाहेर जायचं. फळीवर तिचा तोल बसलेला. सर स्वतःच म्हणाले, "तोल आहे, ताकद आहे. पण थंडी झेपत नाही. बाहेर गेल्यावर हातपाय आखडले तर परत कशी येणार? तासभर टिकली पाहिजे."

"मग काय करायचं?"

"वेटसूट घ्या. लहान मुलांचा, पातळ. पण मॅडम, फिटिंगचा घ्या. एकदम फिटिंगचा."

महिनाअखेरीच्या रविवारी ते बाहेरची नवी बॅच निवडणार होते. ती हुकली तर थेट पुढच्या थंडीत.

मी वेटसूटबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ते रबर असतं, त्यात वायूचे बारीक बुडबुडे असतात. अंग आणि सूट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, अंगाच्या उबेने तो तापतो आणि मग थंडी वाजत नाही. सूट ढगळ असेल तर पाणी आत-बाहेर करत राहतं आणि ऊब निघून जाते. मी जेवताना नवऱ्याला यावर व्याख्यान दिलं. मध्येच मी आमटी घ्या म्हणाले, तर तेवढ्यात ते म्हणाले, "हो हो, कळलं, फिटिंगचा." रबरातलं मला कळतं, निदान माझा तसा समज होता.

दुकानं फिरलो. डोंबिवलीत एक जण म्हणाला, "वेटसूट नाही, मॅडम, रेनसूट आहे, एकदम वॉटरप्रूफ." कल्याणच्या दुकानात पोहण्याचा लांब बाह्यांचा पोशाख काढून समोर ठेवला आणि वर, "हाच असतो तो, सगळे हाच नेतात." शेवटी घोडबंदर रोडच्या एका मोठ्या दुकानात खरा वेटसूट मिळाला. आईपण आलेली, कारण दुकानात एसी होता आणि नातीचा कपडा तिच्या मंजुरीशिवाय घेतला जात नाही.

पहिला सूट घेऊन मुलगी ट्रायल रूममध्ये गेली. आतून धपाधप आवाज.

"मम्मी, एक पाय गेलाय. दुसरा अडकलाय."

मी आत गेले. थोड्या वेळाने आईला बोलवावं लागलं. ती खालून ओढतेय, मी वरून ढकलतेय, मुलगी मधल्या मध्ये हसून हसून लुळी पडलेली. बाहेरून नवरा विचारतोय, "सगळ्या आत गेल्यात, बाहेर कोणी येणार आहे का?"

बाहेर आली तेव्हा सूट कातडीसारखा बसलेला. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "बेस्ट! मी सीलसारखी दिसते."

आईने पाठीवरचं कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत काही आलं नाही. "कपरा हाताला लागत नाय. येवरा तंग? पुढचे दिवालीला पोरगी फारून बाहेर येल." मग तिने बाही उलटी करून आतली शिवण तपासली. "माया पन नाय सोरली."

दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, हे नुसतं शिवलेलं नसतं, चिकटवलेलं पण असतं."

"चिकटवलेला? मंग तर नकोच."

वरचं माप मागवलं. ते एका दमात अंगावर चढलं. गुडघ्यामागे चुण्या, पाठीला झोळ, बाह्या मनगटावर गोळा झालेल्या. नवरा म्हणाला, "हा बरा आहे. दोन वर्षं बघायला नको."

"पण सर फिटिंगचा बोलले," मुलगी म्हणाली.

मी तिच्या मानेत दोन बोटं घातली. आरामात फिरली. आणि खरं सांगते, त्या दोन बोटांना जे समाधान वाटलं ना, ते माझ्या पदवीला हलवता आलं नाही. एवढी चांगली वस्तू, आणि आता बरोब्बर मापाची घ्यायची? म्हणजे वर्षभरात आखूड होणारी? असं आमच्या घरात कोणी कधी केलेलंच नाही.

"धुतल्यावर आटल," आई म्हणाली.

"रबर आटत नाही, आई," मी म्हणाले आणि मोठा सूट काउंटरवर नेऊन ठेवला.

रविवारी ती धावत पाण्यात शिरली. पहिलीच लाट मानेतून आत गेली. दुसरी बाह्यांतून. बघता बघता पोट फुगलं, मग पाय फुगले, दोन्ही पायांच्या पाण्याच्या पखाली झाल्या. फळीवर चढायला गेली तर वजनाने बाजूला घसरली. प्रत्येक लाटेला आत नवं गार पाणी. सूट नव्हता तेव्हापेक्षा लवकर काकडली. सरांनी शिट्टी मारली. वाळूत येऊन तिने एक पाय उचलला तर घोट्यातून नळ सोडल्यासारखं पाणी वाहिलं.

"मॅडम," सर म्हणाले, "सूट घेतलात की टँकर?"

मुलं हसली. तीही हसली. मग गाडीत बसल्यावर हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "सर फिटिंगचा बोललेले. मी पण बोललेले." एवढंच.

दुकानात फोन केला. समुद्रात वापरलेला माल परत घेत नाहीत, आणि लहान माप संपलेलं. नवा माल येणार, पण निवडीच्या रविवारनंतर. ऑनलाईनही तेच.

क्लासला डोंबिवलीहून एक बाई यायच्या. त्यांची मुलगी आमच्या मुलीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी, केव्हाच बाहेर जाणारी. त्यांनी आमचा टँकर बघितलेला. मंगळवारी त्यांचा फोन आला. "अहो, माझ्या मुलीचा जुना सूट पडलाय. तिला आता होत नाही. तुमचीला अगदी बरोबर बसेल बघा."

"नको नको," मी पटकन म्हणाले, "थँक्यू हं. आम्ही बघतो काहीतरी."

फोन ठेवला तर नवरा बघत होता. "काय बघतो आपण? कुठे बघतो?"

"जुना आहे तो."

"वेटसूट आहे. शालू नाहीये."

"मला माहितीये काय आहे ते. दुसऱ्याचा उतरलेला माझ्या मुलीला—"

तेवढ्यात मुलगी अभ्यासावरून उठून आली. "कोणाचा? तिचा? तो निळ्या बाह्यांचा? मम्मी! तू नको बोललीस?"

"अगं, तिने वापरलाय तो."

"म्हणून तर!"

"म्हणून तर काय?"

"त्यात तिने बाहेरची पहिली लाट घेतलेली! सरांनी सगळ्यांना व्हिडिओ दाखवलाय. त्या सूटला सगळे ओळखतात, मम्मी."

माझ्या वर्गात जी गोष्ट मान खाली घालायला लावायची, ती हिच्या वर्गात मिरवायची गोष्ट होती. मग तिला त्या गुलाबी फ्रॉकचं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू तिला काय बोललीस?"

"काही नाही."

"मी असते ना, बोलले असते, हो तुझाच, पण मला जास्त चांगला दिसतो."

मी त्या बाईंना परत फोन लावला. आधी नको म्हणाले ते कसं मागे घ्यायचं, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून सरळ म्हणाले, "चुकलं माझं. पाहिजे आम्हाला तो सूट. आणि आमचा मोठा आहे ना, तो तुमचीला होतो का बघा. एकदाच वापरलाय."

दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर तशीच त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीने आमचा टँकर चढवला. तिच्या अंगावर तो टँकर नव्हताच, चपखल बसला. तिने आपला जुना सूट माझ्या हातात दिला, गुडघ्याजवळ खरवडल्याची खूण होती तिथे बोट ठेवून. "काकू, हे माझ्या फळीखालच्या फिनच्या पात्याने झालंय. पहिल्यांदा पडले तेव्हाचं. आणि घालताना आधी पायात प्लास्टिकची पिशवी घालायची, मग पाय सटकन जातो." चहा झाला, पोहे झाले, आम्ही दोघी आया कधी फोनवरही एवढं बोललो नव्हतो तेवढं बोललो.

घरी आईला कळलं तेव्हा ती हबकली. "नवा दिलास आनि जुना आनलास?"

"हो."

"दारावरची बोहारीन बघ. जुना लुगरा घेते नि नवा भांडा देते. तू उलटाच धंदा केलास. आनि तू शिकलेली!"

"आई, मापाचा आहे."

आईने सूट घातलेल्या नातीच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरून बघितलं. पुन्हा हाताला काही लागलं नाही. "आनि पुढचे साली?"

"पुढच्या साली हा दुसऱ्या कोणाला देऊ. हिच्यासाठी कोणाचा तरी बघू."

आईने सूप पुढे ओढलं. मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मंग टिटवाल्याच्या फ्रॉकांनी काय तुजा घोरा मारला होता?"

नवरा पेपरात तोंड घालून हसत होता. मी त्याच संध्याकाळी नणंदेला फोन केला. तिने दोन वाक्यांत उत्तरं दिली, पण फोन ठेवताना म्हणाली, "जीन्स आहेत दोन, पाठवू का?" पाठव म्हणाले.

निवडीच्या रविवारी आईपण आमच्याबरोबर आली. वारा होताच. वाळूत चटई टाकून आम्ही मुलीला सूट चढवला, आधी पायात पिशवी, मग पाय. चेन वर ओढताना आई म्हणाली, "श्वास घेतेस ना गो, बाय?"

"घेतेय, आजी."

"घे. नाय झेपला तर हात वर कर. लाज धरू नको."

ती पाण्यात गेली. आम्ही तिघं उभे. पहिल्या लाटेला ती दचकली, नेहमीसारखे खांदे वर घेतले, आणि मग ते हळूहळू खाली आले. मी ओठांकडे बघत होते, पण एवढ्या लांबून ओठ कसे दिसणार? म्हणून सरांच्या शिट्टीकडे कान लावला. शिट्टी वाजली ती एका दुसऱ्या मुलासाठी. मग अजून एकासाठी. आमच्या मुलीसाठी वाजली नाही. नेहमी ती ज्या वेळेला टॉवेलात असायची ती वेळ केव्हाच उलटली आणि ती फेसात पडत होती, उठत होती, परत फळी वळवत होती. नवऱ्याने तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा आईने त्यांचा हात धरून खाली केला. "पोरीकडं बगा, जावईबापू. घरयालात काय हाय?"

मग सरांनी हात केला. बाहेर. ती पोटावर झोपून हाताने पाणी मारत निघाली. एक लाट तोंडावर आली, तिने ती अंगावर घेतली. दुसरीने मागे ढकललं. तिसरीच्या वरून ती पलीकडे उतरली आणि आम्हाला दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली. डोंबिवलीची मुलगी आमच्या त्या मोठ्या सूटमध्ये तिच्या शेजारीच फळीवर बसलेली. दोघी काहीतरी बोलत होत्या. समुद्रात बसून गप्पा मारत होत्या दोघी!

पहिल्या लाटेला ती उशिरा उठली, लाट निघून गेली. दुसरीला पुढे कलंडली, फळी एकीकडे, ही एकीकडे. आई पुटपुटली ते देवाला होतं की शिवी होती, मला कळलं नाही. सर तिच्यापासून लांब होते आणि लांबच राहिले. तिसरी लाट आली तेव्हा ती आधीपासून पाणी मारत होती, जोरात, मान वर करून. लाटेने तिला उचललं. ती गुडघ्यांवर आली. मग पायांवर.

माझी मुलगी त्या सकाळी तासापेक्षा जास्त वेळ पाण्यात राहिली. कोणी धक्का न देता तिने स्वतः एक लाट पकडली, तिच्यावर उभी राहिली आणि उभ्यानेच वाळूपर्यंत आली. सरांनी तिला बाहेरच्या बॅचमध्ये घेतलं.